थाई लोक मूळचे कुठले? आणि त्यांची भाषा इतकी संस्कृताळलेली का?

प्रश्न: वाटसरू

मंडळी, थायलंडला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी एक छोटी माहितीपुस्तिका करतोय. हॉटेलं-बाजार यांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून पहिली दहा पानं लोक आणि भाषा यांना द्यायची आहेत. पण वाचावं तितका गोंधळ वाढतोय.

जुन्या पुस्तकांत आहे की थाई लोक अल्ताय पर्वतातून निघाले, नैर्ऋत्य चीनमधल्या युन्नानमध्ये त्यांनी नानचाओचं राज्य उभारलं आणि १२५३ मध्ये मंगोलांच्या कुब्लाई खानाने ते बुडवल्यावर दक्षिणेला पळून आले. हे आज ग्राह्य धरतात का? दुसरं, पाट्यांवर सुवर्णभूमी, राजसीमा, अयोध्या अशी नावं दिसतात. म्हणजे भाषा आपल्या कुळातली का? आसामचे आहोमही स्वतःला 'ताई' म्हणवतात, मग ते आणि बँकॉकचे थाई एकच का? आणि ईशान्य थायलंडात घरोघरी लाओ बोलतात म्हणे, तर त्यांना थाई कोणत्या अर्थाने म्हणायचं?

तपशिलात उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

प्रतिसाद १: नकाशेवाला

अल्ताय, नानचाओ, कुब्लाई ही साखळी पुस्तिकेत अजिबात घेऊ नका. अल्तायची कल्पना नावातल्या 'ताय' या आवाजापलीकडे कशावरही उभी नाही. नानचाओचा मात्र नीट समाचार घ्यायला हवा, कारण थायलंडच्या शाळांतही ती गोष्ट कित्येक वर्षं शिकवली गेली.

नानचाओच्या राजघराण्यातल्या बाप-मुलांची नावं ओळीने मांडून बघा: पिलोगे, गेलोफंग, फंगचायी, यीमोशुन. बापाच्या नावाचा शेवटचा अवयव (उच्चाराचा तुकडा) मुलाच्या नावाच्या सुरुवातीला येतो. नावं अशी गुंफत नेण्याची चाल यी आणि त्यांच्या जवळच्या तिबेटी-बर्मी भाषिक समाजांत आहे. ताई राजघराण्यांच्या वंशावळींत ती कुठेच सापडत नाही. राज्याच्या दक्षिण टोकाला ताई प्रजा असेलही, पण सत्ता त्यांची नव्हती.

तारखाही जुळत नाहीत. नानचाओ ९०२ मध्येच संपलं. १२५३ मध्ये मंगोलांनी जिंकलं ते त्यानंतरचं ताली राज्य. आणि त्या वेळी ताई लोक दक्षिणेत आधीच होते. कंबोडियातल्या अंकोरवाटच्या १२ व्या शतकातल्या शिल्पपटात सैनिकांच्या एका तुकडीवर 'स्याम कुक' असं कोरलेलं आहे ('स्याम' म्हणजे सयाम, थायलंडचं जुनं नाव). थायलंडातलं सुखोथाईचं राज्य साधारण १२३८ चं. आहोमांचा पहिला राजा सुकाफा पाटकाई डोंगर ओलांडून आसामात उतरला तो १२२८ मध्ये, म्हणजे ताली पडण्याच्या २५ वर्षं आधी. कुब्लाईला घाबरून पळालेली माणसं पाव शतक आधीच पोचत नाहीत.

मग मूळ कुठलं? इथे भाषेचा नकाशा कामाला येतो. एखाद्या कुळाच्या सर्वांत जुन्या आणि एकमेकींपासून सर्वांत दूर गेलेल्या शाखा जिथे दाटीवाटीने सापडतात, तिथे मूळ शोधायचं. थाई ज्या कुळातली आहे त्याला क्रा-दाई म्हणतात. त्याच्या क्रा, काम-सुई, ह्लाई, ओंग-बे आणि ताई या शाखा दक्षिण चीनमधले क्वेइचौ, क्वांग्शी, हैनान आणि उत्तर व्हिएतनाम एवढ्याच पट्ट्यात एकत्र दिसतात. याउलट थायलंड, लाओस, ब्रह्मदेशातला शान प्रदेश ते थेट आसाम इतक्या अफाट मुलखात पसरली आहे ती ताई शाखेचीही एकच उपशाखा, नैर्ऋत्य ताई. त्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की हा पसारा फार जुना असूच शकत नाही. त्यांच्यातल्या उसन्या चिनी शब्दांच्या थरांवरून ही उपशाखा ८ ते १० व्या शतकाच्या दरम्यान क्वांग्शीच्या बाजूने नैर्ऋत्येला पसरू लागली, असा अंदाज बांधता येतो. क्वांग्शीत आजही दीड कोटीहून जास्त च्वांग लोक आहेत. त्यांची भाषा थाईची चुलत बहीण. तिथल्या शेकडो गावांच्या नावात 'ना' आहे, म्हणजे भातशेत. उत्तर थायलंडातल्या चियंग मायच्या जुन्या 'लान ना' राज्यातला 'ना' तोच.

याच्याही मागे गेलात तर मलय-फिलिपिनो भाषांच्या कुळाशी धागा जुळतो. मलयमध्ये डोळा म्हणजे 'माता', थाईत 'ता'. मरणं 'माती', थाईत 'ताय'. मी 'आकु', थाईत 'कू'. पहिला अवयव गळून शेवटचा उरला, हा प्रकार अगदी गाभ्यातल्या शब्दांत दिसतो. तो योगायोग किंवा उसनवारी म्हणून सोडून देणं कठीण आहे.

आता एक खबरदारी. भाषा आली म्हणजे तितकी माणसं आली असं नाही. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात आधी मोन भाषिकांची द्वारावती संस्कृती होती (साधारण ६ वं ते ११ वं शतक), मग लोपबुरी, फिमाय इथे ख्मेरांचा (कंबोडियाच्या लोकांचा) अंमल होता. ती माणसं कुठे गेली नाहीत. जनुकीय अभ्यासांत उत्तरेचे आणि ईसानचे (ईशान्य थायलंडाचे) लोक दक्षिण चीनमधल्या ताई समाजांच्या जास्त जवळ दिसतात. मध्य मैदानातल्या थाईंमध्ये मोनांशी जवळीक आणि थोडा भारतीय उपखंडाचाही अंश सापडतो. म्हणजे बँकॉकच्या आसपास बऱ्याच जुन्या रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या राहून भाषा बदलली. ईसानमधल्या बान चियंगच्या कांस्ययुगीन वसाहतीला 'प्राचीन थाई संस्कृती' म्हणणंही म्हणूनच चूक आहे. तिथल्या सांगाड्यांचं नातं मोन-ख्मेर भाषा बोलणाऱ्या समाजांशी लागतं.

प्रतिसाद २: अक्षरओळख

भाषा आपल्या कुळातली नाही. साधा मोजणीचा पुरावा घ्या: दोन ते दहा म्हणजे सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. कँटनी चिनीतले आकडे शेजारी ठेवा (साम, सेइ, लुक, चात, बात, काव, साप), लगेच ओळख पटते. व्याकरणात विभक्ती नाही, लिंग नाही, क्रियापदाची रूपं चालत नाहीत. विशेषण नामानंतर येतं.

संस्कृत-पाली शब्द हा वरून चढलेला जाड थर आहे. धर्म, राजदरबार, कायदा, शिक्षण आणि २० व्या शतकात घडवलेली परिभाषा यांत तो भरून आहे. दूर + शब्द यांपासून 'थोरसप' (टेलिफोन), दूर + दर्शन यांपासून 'थोरथत' (टीव्ही). हे शब्द भारतातून आयात झालेले नाहीत, तिथेच पाडलेले आहेत.

मराठी वाचकाला खरा उपयोग होईल तो पाट्या उलगडण्याचा. लिखाणात मूळ रूप जवळपास जसंच्या तसं जपलेलं असतं. श, ष, स तिन्ही अक्षरं वेगळी लिहितात आणि तिन्ही 'स'च वाचतात. उच्चार मात्र ठरावीक वाटेने बदलतो:

– ग-घ चा ख, द-ध चा थ, ब-भ चा फ. बुद्ध → फुत, भाषा → फासा, गुरु → ख्रू.

– शब्दारंभीचा प बऱ्याचदा ब होतो आणि त चा द. पिता → बिदा, पुत्र → बुत, पुण्य → बुन, तेज → देत. ख्मेरमध्येही पालीचे प, त असेच वाचतात. हा थर बराचसा तिकडूनच आला. इथेच लोक फसतात: 'ब' ऐकून मूळ 'ब' शोधायला जातात, तिथे असतो 'प'.

– शब्दाच्या शेवटी फक्त क, त, प, ङ, न, म, य, व एवढेच टिकतात. र आणि ल चा न होतो: आहार → आहान, काल → कान, अक्षर → अकसोन. स, ज, ठ, द सगळ्यांचा त: राष्ट्र → रत.

– व्यंजनाने संपणाऱ्या अवयवातला न लिहिलेला अ हा ओ होतो: रथ → रोत, फल → फोन, नगर → नखोन. रफार असलेले शब्द याला अपवाद. धर्म → थम, कर्म → कम.

– शेवटचा स्वर बहुतेक वेळा गळतो, पण समासात मध्ये आला की परत उगवतो. भूमी एकटी असली की 'फूम', म्हणून विमानतळ 'सुवन्नफूम'. पुढे 'बल' लागलं की 'फूमिफोन'. राज एकटा 'रात', पण 'नखोन रात्चसीमा'.

न वाचायच्या अक्षराच्या डोक्यावर एक छोटी वेलांटीसारखी खूण असते. तिला सहसा कारान म्हणतात. 'चंद्र' लिहिताना द आणि र दोन्ही लिहितात, र वर कारान देतात आणि वाचतात फक्त 'चान'. वन चान म्हणजे सोमवार. वन आथित, वन फुत, वन सुक हे तुम्ही आता स्वतः लावू शकाल.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाची एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी की क-ख, त-थ, प-फ हा फरक आपल्या कानात मुरलेला आहे. इंग्रजी भाषिकांना तो मुद्दाम शिकावा लागतो. अडचण फ ची. फुकेत मधला फ दोन्ही ओठ मिटून, जुन्या वळणाच्या 'फळ'मधला. 'फॅन'मधला फ थाईत वेगळं अक्षर आहे, तो वापरलात तर शब्द बदलतो.

लिपी ख्मेर लिपीवरून घडली, म्हणजे मूळ दक्षिण भारतीय ब्राह्मी परंपरेत. ४४ व्यंजनं, त्यांतली दोन आता वापरात नाहीत. सुरांच्या (शब्द कोणत्या चढउतारात म्हणायचा याच्या) चार खुणांची नावं बघा: एक, थो, त्री, चत्तवा. एक, दोन, तीन, चार, आपलेच आकडे.

दरबारी शब्द सगळे संस्कृत समजू नका. ख्मेरचा वाटाही मोठा आहे. ओळखायची खूण म्हणजे शब्दाच्या पोटात घातलेला 'अम' किंवा 'अम्न'. त्रुअत (तपासणं) → तम्रुअत (पोलीस), कोत (जन्मणं) → कम्नोत (जन्म), दोन (चालणं) → दम्नोन. रात्चदम्नोन रस्त्याच्या नावात पहिला भाग आपला आणि दुसरा ख्मेर आहे.

प्रतिसाद ३: पाटकाई

आहोमांबद्दल. 'ताई' आणि 'थाई' हा मुळात एकच शब्द, सुरुवातीला घोष (घशात कंप होणारा) 'द' असलेला. हे घोष नैर्ऋत्य ताई भाषांत अघोष झाले, पण दोन वाटांनी. थाई आणि लाओमध्ये महाप्राण झाले, म्हणून थ, फ. शान, लान ना, लू आणि ईशान्य भारतातल्या खामती, फाके, आहोम यांच्यात अल्पप्राण, म्हणून त, प. बाप हा शब्द तिकडे 'फॉ', इकडे 'पो'. चियंग मायचे जुने लोक स्वतःच्या शहराचं नाव 'चियंग माय' असं साध्या, हलक्या च ने घेतात आणि बँकॉकवाले जड च ने, त्यामागेही हाच नियम आहे.

तेव्हा पुस्तिकेत कुळासाठी 'ताई' आणि थायलंडच्या प्रमाणभाषेसाठी व नागरिकांसाठी 'थाई' वापरा. आहोमांना 'थाई' म्हणणं म्हणजे बहिणीला मुलगी ठरवणं. सुकाफा निघाला शान प्रदेशातल्या मोंग माओकडून. त्याचा सुखोथाई किंवा बँकॉकशी काही संबंध नव्हता. बँकॉक राजधानी झाली १७८२ मध्ये.

सुकाफाबरोबर बुरंजींप्रमाणे (आहोम बखरींप्रमाणे) सुमारे ९,००० माणसं होती, बहुतेक पुरुष. मोरान आणि बराही समाजांत सोयरिकी झाल्या, खोऱ्यातली आधीची माणसं राज्यात सामावली गेली. राज्य १८२६ पर्यंत, म्हणजे जवळपास ६०० वर्षं टिकलं, पण दरबार हळूहळू असमियावर गेला. आहोम बोलीभाषा म्हणून संपली आणि देवधाई, मोहन, बैलुंग या पुरोहित घराण्यांच्या पोथ्यांत उरली. वर नकाशेवाला म्हणाले त्याची ही उलटी बाजू आहे: मध्य थायलंडात माणसं थांबली आणि भाषा बदलली ती ताईकडे, आसामात ताईकडून.

पोथ्या असूनही आहोम जशीच्या तशी उभी करता येत नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आहोम लिपीत सुरांच्या खुणाच नाहीत. थाईत 'मा' मधल्या सुरात म्हटलं तर येणं, उंच सुरात घोडा, चढत्या सुरात कुत्रा. आहोम पोथीत तिन्ही ठिकाणी नुसतं 'मा'. अर्थ संदर्भाने लागतो, सूर लागत नाही. त्यासाठी खामती, फाके, ऐतोन यांच्याकडे जावं लागतं. नाहरकटियाजवळच्या नामफाकेत आणि अरुणाचलच्या नामसाई भागात या भाषा आजही घरात बोलल्या जातात.

थाई लिखाणात कुत्र्याच्या 'मा'आधी एक न वाचलेला ह लिहितात. तो शोभेचा नाही. जुन्या भाषेत हा म अघोष होता, जवळपास 'ह्म'. पुढे 'म' आणि 'ह्म' यांचा आवाज एक झाला आणि गेलेला फरक सुरात जाऊन बसला. ताई भाषांत पूर्वी तीनच सूर होते. व्यंजनांतला घोष-अघोष भेद मोडला तेव्हा ते फुटून प्रमाण थाईत पाच झाले. व्यंजनांचे उच्च, मध्यम, नीच असे तीन वर्ग पाठ करावे लागतात ते याचमुळे. अक्षर जुना आवाज सांगतं, वाचणारा त्यावरून आजचा सूर काढतो.

वाटसरू

तिघांचेही आभार. बहिणीला मुलगी ठरवण्याची चूक मसुद्यात झालीच होती, दुरुस्त करतो. ईसानचा प्रश्न तेवढा राहिला.

प्रतिसाद ४: मेकाँगकाठ

ईसान म्हणजे आपली ईशान दिशा. नाव जुनं वाटतं, पण प्रदेशाला ते सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारने दिलं.

पार्श्वभूमी अशी. १८२७-२८ मध्ये लाओसमधल्या विएंतियानचा राजा अनुवोंग सयामविरुद्ध उठला आणि हरला. शहर उद्ध्वस्त झालं आणि लाओ लोकांना मोठ्या संख्येने मेकाँगच्या पश्चिमेला आणून वसवलं. पुढे १८९३ मध्ये फ्रान्सने नदीचा डावा काठ सयामकडून घेतला. आता उजव्या काठावरचे 'लाओ'ही आमचे, असा दावा फ्रान्स कधीही करू शकला असता. सयामने त्यावर तोडगा काढला तो कागदोपत्री. मोन्थोन (म्हणजे मंडल) लाओ काओ, लाओ फुआन, लाओ चियंग ही नावं बदलून ईसान, उदोन (उत्तर) आणि फायप (वायव्य) अशी दिशांची नावं दिली. 'लाओ' शब्द प्रशासनातून पुसला गेला आणि ती माणसं शिरगणतीत थाई म्हणून मोजली जाऊ लागली. १९२१ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाने शाळेत मध्य थाई आली आणि ईसानची ताई नोई लिपी वापरातून गेली.

देशाचं नाव 'सयाम'चं 'थायलंड' झालं १९३९ मध्ये, पंतप्रधान फिबून सोंगख्रामच्या राजवटीत. १९३९ ते १९४२ दरम्यान त्याने 'रत्थनियोम' नावाचे १२ आदेश काढले. तिसऱ्या आदेशात उत्तरी थाई, दक्षिणी थाई, मुस्लीम थाई असं म्हणायला मनाई करून सगळ्यांना फक्त 'थाई' म्हणायचं ठरवलं. १९४५ मध्ये नाव परत सयाम केलं आणि १९४९ मध्ये पुन्हा थायलंड. नानचाओ-अल्तायच्या गोष्टीला बळ मिळालं तेही याच वातावरणात. सगळ्या ताई भाषिकांचं एक महान राष्ट्र होतं, असं दाखवायला ती सोयीची होती. जी माणसं आपली भाषा जपत राहिली त्यांना या एका शब्दाने बरंच सोसायला लावलं. पुस्तिकेत याला दोन ओळी तरी द्याच.

'थाई' या नागरिकत्वात म्हणून बरंच काही सामावलेलं आहे. सुरिन, सिसाकेतमध्ये ख्मेर आणि कुई, पत्तानी-याला-नराथिवातमध्ये मलय मुसलमान, उत्तरेच्या डोंगरांत करेन, ह्मोंग, आखा. बँकॉकच्या व्यापारात तेओचिउ चिनी घराणी. त्यांनी 'से' लावून लिहायचं कुळनाव सोडून थाई आडनावं घेतली. आडनावाची सक्ती १९१३ च्या कायद्याने झाली. दुसऱ्या कुटुंबाचं आडनाव घेता येत नाही, त्यामुळे उशिरा आलेल्यांना संस्कृत-पालीचे तुकडे जोडून लांबलचक नावं बनवावी लागली. पाटीवर पाच-सहा अवयवांचं भारदस्त आडनाव दिसलं तर घराणं मूळचं चिनी असण्याची शक्यता बरीच असते.

ईसानची भाषा विचाराल तर ती लाओच आहे, आणि थायलंडात ती बोलणारे खुद्द लाओसच्या लोकसंख्येहून जास्त आहेत. घरात 'लाओ', बाहेरच्यासमोर 'ईसान' असं नाव घेतात. जेवणात चिकट भात, खाओ नियाव. तो लाओस, ईसान आणि लान ना तिन्हीकडे रोजचा. रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात. पाण्यात शिजवला तर खळ होते.

कानाने ओळखायचं असेल तर आधी व्यंजनं पकडा. थाईचा जड च लाओत स होतो: हत्ती 'छांग', लाओत 'सांग' (लाओसच्या जुन्या लान सांग राज्यातला). थाईचा र तिथे ह होतो: प्रेम 'रक', लाओत 'हक'. पण बँकॉकमध्ये राहिलेला ईसानी माणूस व्यंजनं सहज बदलतो, सूर तितके बदलत नाहीत. म्हणून पक्की चाचणी सुरांची. अंडं 'खाय' आणि बाप 'फॉ' हे दोन शब्द एकामागून एक म्हणायला सांगा. बँकॉकच्या थाईत पहिला खालच्या सुरात आणि दुसरा उतरत्या, फरक स्पष्ट ऐकू येतो. विएंतियानच्या लाओत दोन्ही एकाच सुरात येतात. शब्द सुटे विचारा, वाक्यात नको. वाक्याच्या चढउतारात सूर दबतात आणि मग दोन्ही सारखेच वाटायला लागतात.